घरचा बावन्न पानांचा जोड

भोरच्या आमच्या जुन्या घरात पत्ते कधी आले नाहीत. कॅरम होता, सापशिडी होती, सारीपाटाचा एक विटलेला पटही माळ्यावर होता. परंतु पत्त्यांचा जोड उंबरठ्याच्या आत येता कामा नये, असा आजोबांचा दंडक होता आणि त्यांच्या पश्चात वडिलांनी तो तितक्याच कटाक्षाने पाळला. कारण सर्वांना ठाऊक होते, मात्र कोणी ते उच्चारीत नसे. माझे थोरले काका, ज्यांना आम्ही मोटाकाका म्हणत असू, तीन पत्तीच्या नादी लागले, एका चातुर्मासात त्यांनी दुकानाचे भांडवल घालविले, आणि एका पहाटे आजोबांनी त्यांचे पत्ते नीरेच्या पात्रात फेकून दिले. पुढल्या वर्षी काका बिऱ्हाडासह भोर सोडून गेले, ते परतले नाहीत. आम्ही भावंडे या कथेवरच वाढलो.

गेल्या वर्षी माझ्या नातीने ही कथा ठाऊक असूनही एक प्रस्ताव मांडला. ती पुण्यात उपयोजित कलेचे शिक्षण घेते. आमची बा, म्हणजे माझी आई, अठ्ठ्याऐंशी वर्षे पूर्ण करणार होती आणि त्या निमित्ताने सारे कुटुंब भोरला जमणार होते. चांदीचे नाणे किंवा स्टीलचा डबा देण्याऐवजी प्रत्येक घराला आपल्या घराण्याचा, आपण स्वतः रेखाटलेला आणि छापून घेतलेला पत्त्यांचा जोड द्यावा, असे तिचे म्हणणे. मी तात्काळ नकार दिला. सप्तव्यसनांच्या यादीत द्यूताचे नाव पहिले येते, एवढे सांगून विषय मिटेल असे मला वाटले. ती शांतपणे म्हणाली, "दादाजी, कर्जाचा अर्ज तुम्ही न वाचता नामंजूर करीत होता का?"

बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला हा प्रश्न लागणारच. मी कागदपत्रे मागविली, म्हणजे वाचू लागलो.

वाचनात पहिली गाठ पडली ती गंजिफाशी. आज आपण ज्याला पत्ते म्हणतो ते इस्पिक, बदाम, चौकट, किलवर हे युरोपातून आले. त्यांच्या आधी आपल्याकडे गोल पानांचा गंजिफा खेळला जाई. तो इराणकडून आला. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफाचा जोड भेट धाडल्याची नोंद त्याच्याच रोजनिशीत आहे, आणि अकबराच्या दरबारातील गंजिफाचे वर्णन अबुल फजलने आईन-ए-अकबरीत केले आहे. प्रचलित मोगली गंजिफात आठ रंग, प्रत्येक रंगाची बारा पाने, एकूण शहाण्णव. बारांपैकी दहा पाने आकड्यांची, उरलेली दोन राजा आणि प्रधान. राणी नाही, गुलामाचे पानही नाही.

त्या आठ रंगांची नावे वाचली आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. ताज म्हणजे मुकुट, शमशेर म्हणजे तलवार, गुलाम म्हणजे सेवक (येथे गुलाम हा पूर्ण रंग आहे, एक पान नव्हे), चंग हे वाद्य. हे झाले दरबाराचे चार. उरलेले चार पाहा: सुर्ख म्हणजे सोन्याचे नाणे, सफेद म्हणजे चांदीचे नाणे, कुमाश म्हणजे मालमत्ता, व्यापाराचा माल, आणि बरात. बरात म्हणजे द्रव्य देण्याविषयीचा लेखी हुकूम! आपल्या जुन्या मराठी दफ्तरांत हाच शब्द वरात म्हणून येतो: अमक्याच्या नावे खजिन्यावर वरात दिली, म्हणजे त्याला तेथून रक्कम मिळावी असे पत्र दिले. लग्नाची वरात निराळी. ज्या कागदाला आपले पूर्वज हुंडीच्या पंक्तीत बसवतील, ज्याला मी नोकरीभर धनाकर्ष म्हणून हाताळत आलो, तो कागद चारशे वर्षांपूर्वीच्या पत्त्यांचा एक संपूर्ण रंग होता. आठांपैकी चार रंग रोकड, माल आणि कागद यांचे. व्यापाऱ्याच्या घरात पत्त्यांना स्थान नाही असे मी म्हणत होतो; येथे तर पत्त्यांतच अर्धे स्थान व्यापाऱ्याला होते.

नातीला हे सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मग आपण सावंतवाडीला जाऊ."

महाराष्ट्रात गंजिफा आज हाताने घडतो तो सावंतवाडीत. भोरहून महामार्ग गाठून कोल्हापूर आणि पुढे आंबोलीचा घाट उतरून आम्ही तेथे पोहोचलो. तलावाकाठच्या राजवाड्यात कारागीर खाली मान घालून रंगकाम करीत बसलेले असतात आणि येणाऱ्याला ते पाहता येते. सावंतवाडीच्या संस्थानात खेम सावंत तिसरे यांच्या कारकिर्दीत, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, या कलेला आश्रय मिळाला असे सांगतात. लाखकाम करणाऱ्या चितारी मंडळींच्या घराण्यांत ती पिढ्यान्‌पिढ्या राहिली. पुढे छापील पत्ते स्वस्त झाले, हाताने रंगविलेला जोड परवडेनासा झाला आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही विद्या जाणणारे पुंडलिक चितारी यांच्यासारखे एखाददुसरे वृद्ध कारागीर तेवढे उरले. तेव्हा संस्थानचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ही कला स्वतः शिकून घेतली आणि १९७०च्या दशकाच्या आरंभी राजवाड्यातच कार्यशाळा उभी केली. संस्थाने विलीन झाल्यानंतर राजाने पत्ते रंगवायला बसावे, हे मला विलक्षण वाटले. सत्वशीलादेवींचे २०१८ साली निधन झाले. अलीकडे या गंजिफाला भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले आहे.

तेथे आम्ही मुख्यत्वे दशावतारी जोड पाहिला. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकशे वीस पाने. मत्स्याचा मासा, कूर्माचे कासव, वामनाचा कमंडलू, परशुरामाचा परशू, अशा चिन्हांनी आकड्यांची पाने ओळखायची. पंजा म्हणजे पाच मासे. प्रत्येक रंगाची भूमी वेगळी, त्यामुळे हातात पंखा धरला की नुसत्या कडेवरूनही रंग कळतो. जुन्या रीतीत कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून ताठ करीत, घोटून गुळगुळीत करीत, रंगवीत आणि वर लाखेचा हात देत. श्रीमंतांसाठी हस्तिदंत आणि कासवाची पाठही वापरीत. ते वाचून आपल्यासारख्यांच्या अंगावर काटा येतो, पण इतिहास तसा आहे. भरजरी किनारीचा तो दरबारी जोड आणि साधा तो बाजारी, असा भेद असे.

खेळाचा एक नियम मला फार आवडला. मोगली गंजिफात दिवसा सुर्खाने, म्हणजे सोन्याने, डाव उघडतो आणि रात्री सफेदाने, म्हणजे चांदीने. दशावतारीत दिवसा राम, रात्री कृष्ण. आणखी एक गंमत अशी की अर्ध्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान, तर उरलेल्या अर्ध्यांत राजा-प्रधानांखालोखाल एक्काच मोठा. हुकूम नाही. एकशे वीस पाने आणि कोणते गेले, कोणते उरले याचा हिशोब डोक्यात. हा खेळ आळशाचा नाही, एवढे मी तेथेच कबूल केले.

परतीच्या वाटेवर नातीने आपल्या मनातले आराखडे उघड केले. तिला चोवीस तीर्थंकरांची लांछने घ्यायची होती: ऋषभदेवांचा वृषभ, अजितनाथांचा हत्ती, संभवनाथांचा घोडा, येथपासून पार्श्वनाथांचा सर्प आणि महावीर स्वामींचा सिंह येथपर्यंत. चोवीस दुणे अठ्ठेचाळीस आणि चार एक्के, बावन्न भरतात. गणित चोख होते. दशावतारी गंजिफात देवांची नावे खेळता खेळता तोंडी येतात, तर आपल्या मुलांच्या तोंडी लांछने का येऊ नयेत, हा तिचा युक्तिवादही पोरकट नव्हता.

तरीही मी येथे ठाम राहिलो, आणि आजही मला तो निर्णय योग्य वाटतो. पत्ता हा हातात धरून पाहण्यासाठी नसतो. तो पिसला जातो, वाटला जातो, सतरंजीवर आपटला जातो, त्यावर चहाचा कप टेकतो, आणि जोडातील एक पान हरवले की उरलेली एकावन्न पाने रद्दीत जातात. लग्नपत्रिकांवर भगवंतांची चित्रे छापू नयेत, त्या पायदळी येतात, ही आशातना टाळावी, असे आपल्याकडे वारंवार सांगितले जाते. जी गोष्ट पत्रिकेला लागू, ती पत्त्याला दसपटीने लागू. पाठशाळेतील मुलांसाठी लांछने ओळखण्याची कार्डे करावयाची असतील तर अवश्य करावीत. ती अभ्यासाची वस्तू आहे, त्याच भावनेने हाताळली जाईल. आपल्याच परंपरेत ज्ञानबाजीचे पट आहेत, पर्युषणात ते खेळले जात. पण तेथे सोंगटी फिरते, पट जागच्या जागी राहतो. नातीने थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिले आणि आराखड्याचे पान फाडून पिशवीत ठेवले.

मग पूर्वजांच्या तसबिरी घ्याव्यात असे ठरले. राजाच्या जागी आजोबा, राणीच्या जागी आजी. ही कल्पना बाने एका वाक्यात निकालात काढली. "तुमच्या आजोबांना सत्तीने मारलं, असं पोरं ओरडतील ते मी ऐकून घेऊ?" म्हणाली. कोणाचाही चेहरा नको. चेहरा नको तर काय? बा म्हणाली, "हात काढा. आमच्या घरात सगळ्यांनी हातांनीच पोट भरलं."

त्यामुळे आमच्या पत्त्यांवर माणसे नाहीत, हात आहेत. रंगही घरातूनच मिळाले. आजोबांचे दुकान धान्याचे आणि कापडाचे. म्हणून चार रंग ठरले तागडी, मापटे, गज आणि वही. गंजिफातील कुमाश आणि बरात आठवूनच हे ठरले, हे उघड आहे. आता गंमत अशी की यांतील बहुतेक वस्तू दुकानातून गेल्या त्या मी लहान असतानाच. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले, पाठोपाठ दशमान मापे आली, शेर-मापटी जाऊन किलो आले आणि गजाच्या जागी मीटर. नातीला मापटे दाखवायला आम्हांला माळा धुंडाळावा लागला.

कोपऱ्यातील अक्षरांनी मात्र खोळंबा केला. इंग्रजी पत्त्यांत राजा, राणी आणि गुलाम यांची आद्याक्षरे वेगवेगळी आहेत. मराठीत राजाचा 'रा' आणि राणीचाही 'रा'! शेठ आणि शेठाणी म्हणावे तर दोघेही 'शे'. आजोबा आणि आजी, दोघेही 'आ'. शेवटी घरातलीच नावे कामी आली. दादा, बा आणि मुनीम: 'दा', 'बा', 'मु'. गुलाम हा शब्द मला तसाही नको होता. भोर हे पंतसचिवांचे गाव. अष्टप्रधानांतील सचिव म्हणजे सुरनीस, पत्रव्यवहार आणि महालांचे हिशेब तपासणारा अधिकारी. ज्या गावाचे संस्थान एका हिशेब तपासनिसाच्या पदावरून ओळखले गेले, तेथील पत्त्यांत मुनिमाला मान असावा हे मला न्याय्य वाटले. माझ्या नोकरीचा थोडा पक्षपात त्यात असेल.

एक्क्यांवर आमचा मुलूख आला. गजाच्या एक्क्यावर तोरणा, मापट्याच्या एक्क्यावर राजगड, तागडीच्या एक्क्यावर रोहिडा आणि वहीच्या एक्क्यावर भोरचा राजवाडा. तोरणा गजाकडे का, याचे कारण मोटाकाका. कापडाचे गाठोडे तट्टावर लादून तेच वेल्ह्याच्या बाजाराला जात आणि वेल्हे तोरण्याच्या पायथ्याशी आहे. ज्या तालुक्याला आता राजगड तालुका म्हणतात, तो सारा प्रदेश, अगदी पानशेतच्या खोऱ्यापर्यंत, त्यांनी पायाखाली घातलेला होता. हे एक्क्याचे चित्र ठरविताना घरात त्यांचे नाव कित्येक वर्षांनी मोठ्याने घेतले गेले.

एक्क्यावरून एक आठवण येथेच नोंदवितो. बाजारातील जोडात इस्पिकचा एक्का तेवढा नक्षीदार का असतो, याचा कधी विचार केला आहे का? इंग्लंडमध्ये पत्त्यांवर सरकारी शुल्क होते, आणि ते भरल्याची खूण म्हणून १७६५ पासून हा एक्का मुद्रांक कार्यालयच छापून देई. म्हणजे तो एक प्रकारचा स्टॅम्प पेपर होता. तो बनावट करणाऱ्या रिचर्ड हार्डिंग नावाच्या इसमास १८०५ साली फाशी झाली. ते शुल्क १९६० मध्ये उठले, पण एक्क्याची नक्षी तशीच राहिली.

वही या रंगासाठी नातीला खऱ्या चोपडीची पाने हवी होती. माळ्यावर लाल कापडी बांधणीच्या वह्या होत्या. त्यांतली तिने अक्षरावरून निवडली. गुजरातीत लिहिलेली, वळणदार, समान अंतराची, शाई न फुटलेली अशी ती पाने. संवत २०१६, म्हणजे १९५९च्या दिवाळीपासून १९६०च्या दिवाळीपर्यंतची खातेवही. अक्षर मोटाकाकांचे होते.

ती छायाचित्रे काढीत होती आणि मी सवयीने बेरजा ताडून पाहू लागलो. काकांच्या वैयक्तिक उचलीचे खाते सापडले. आषाढ ते आश्विन या चार महिन्यांत त्यांनी उचललेली एकूण रक्कम चारशे बारा रुपये. त्या काळी ती लहान नव्हती, आणि ती पत्त्यांतच गेली हेही बहुधा खरे. पण पाने उलटीत गेलो तेव्हा दुसरे खाते समोर आले: वेल्ह्याकडील आणि आंबी नदीच्या खोऱ्यातील उधारी. पानशेतचे धरण तेव्हा बांधले जात होते. जलाशयाखाली जाणारी गावे उठत होती, कुळे पांगत होती. नावापुढे नाव, आणि जमेची बाजू कोरी. वर्षअखेरीस बुडीत म्हणून ओढलेली रक्कम दोन हजार आठशे साठ रुपये. पुढच्या पावसाळ्यात, १२ जुलै १९६१ रोजी, ते धरण फुटून पुणे बुडाले, हे सर्वांना आठवते; आमचे दुकान त्या धरणापायी वर्षभर आधीच बुडाले होते, हे आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हते.

बँकेत थकीत कर्जाचे कारण शोधताना अधिकाऱ्याला एक मोह होतो: कर्जदाराचे व्यसन दिसले की तपास तेथेच थांबवायचा. मीही तसे केले आहे, हे लिहिताना संकोच वाटतो.

मी वही बापुढे ठेवली. तिने चष्मा लावला, पण पाहिले नाही. म्हणाली, "मला माहीत होतं. त्या गावांना उधारी द्या म्हणून सासऱ्यांनीच सांगितलं होतं. नवी सून मी, बोलणार कुठे?" थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "पण पत्तेही खरेच होते हं. ते खोटं नव्हतं."

आता छपाईविषयी, कारण आपल्यापैकी अनेक घरांत लग्नाच्या किंवा पेढीच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने असे काही करण्याचा विचार होत असतो. सर्वांत आधी संख्या ठरवावी. सारा खर्च तिच्यावर अवलंबून. ऑफसेट छपाईत प्लेटा, कटाईचा साचा, यंत्राची जुळणी हा खर्च एक जोड छापा की हजार, तेवढाच येतो. समजा तो बारा हजार रुपये आहे आणि कागद, शाई, डबी यांचा खर्च जोडामागे नव्वद. दहा जोड छापले तर एक पडेल १,२९० रुपयांना, शंभर छापले तर २१० ला आणि पाचशे छापले तर ११४ ला. (आकडे केवळ उदाहरणादाखल, दर प्रत्यक्ष विचारावेत.) म्हणूनच छापखानेवाले मोठ्या संख्येचा आग्रह धरतात. डिजिटल छपाईत प्लेटा नसतात, म्हणून वीस-पंचवीस जोडांसाठी तीच परवडते. पाचशेचा मोह टाळा; उरलेले चारशे जोड माळ्यावर वाळवी खाते.

दुसरी बाब कागदाची. आम्हांला पहिला नमुना तीनशे ग्रॅमच्या साध्या आर्ट कार्डावर मिळाला. दिसायला सुंदर. पण दिव्यासमोर धरला तर पाठीमागूनही 'बा' आणि 'दा' वाचता येत होते! खऱ्या पत्त्याचा कागद दोन पातळ थरांचा असतो आणि मध्ये काळा किंवा निळा थर दिलेला असतो, म्हणून प्रकाश आरपार जात नाही. असा कागद मागवून घ्यावा लागतो. नमुन्यावर प्लॅस्टिकचे लॅमिनेशन होते, तेही चुकीचे. पाने एकमेकांवरून नीट सरकेनात आणि भोरच्या आषाढातील हवेत आठवड्याभरात केळीच्या सालीसारखी वळली. वॉर्निश हवे. पाठीवर बारीक दाबाची खडबडीत पोत असेल तर पाने हातात चिकटत नाहीत.

तिसरी चूक मी स्वतः पकडली, आणि तीस वर्षे सह्या ताडून पाहिलेल्या डोळ्यांचा त्यात हात आहे. पानांच्या पाठीला चारही बाजूंनी पांढरी चौकट ठेवली होती. कटाईत अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला की चौकट एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक दिसते. दहा मिनिटे पाहिल्यावर मला मापट्याची नश्शी आणि गजाचा मुनीम पाठीवरूनच ओळखू येऊ लागले. जुगारी ज्याला खुणेचे पत्ते म्हणतात ते आम्ही अनवधानाने तयार केले होते! उपाय सोपा: चौकट काढली आणि नक्षी कडेबाहेर तीन मिलिमीटर वाढवून छापली, म्हणजे कटाई सरकली तरी कळत नाही. पाठीची नक्षी उलटी धरली तरी सारखीच दिसली पाहिजे, हेही विसरू नये. आमची पाठ म्हणजे त्या खातेवहीच्या ओळी, दोन्ही टोकांकडून सारख्या जुळविलेल्या.

आकाराचे म्हणाल तर त्रेसष्ट गुणिले अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर हा एक प्रचलित आकार; दुसरा किंचित अरुंद, सत्तावन्न मिलिमीटर रुंदीचा, लहान हातांना आणि वृद्धांना सोयीचा. आम्ही दुसरा घेतला. बाच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झालेल्या आहेत, म्हणून कोपऱ्यातील आकडा नेहमीच्या दीडपट केला आणि लाल-काळ्या दोनऐवजी चार रंग वापरले: तागडी लाल, वही काळी, मापटे हिरवे, गज निळा. नातीच्या प्राध्यापकांना हे रसिकतेचे वाटले नाही म्हणे. असो, ते अठ्ठ्याऐंशीचे होतील तेव्हा पाहू.

संख्या मी अखेरीस लिहायला घेतली. आमची घरे एकवीस. यादी बाकडे नेली, तिने बोटांवर मोजली आणि म्हणाली, "बावीस." मी पुन्हा मोजली. ती म्हणाली, "मोटाकाकांचं धर ना." आम्ही पंचवीस छापले.

वाढदिवसाच्या रात्री भोरच्या घराच्या ओसरीवर सतरंजी अंथरली गेली आणि पाच-तीन-दोनचे तीन डाव एकाच वेळी सुरू झाले. बाने अट घातली होती: पैसे नाहीत, शेंगदाणेही नाहीत, आणि निजण्यापूर्वी पाने मोजून तिच्याकडे द्यायची. तिने स्वतः एक हात घेतला. पत्ते तिने इतक्या सराईतपणे पिसले की आम्ही सारे तिच्याकडे पाहत राहिलो. कोठे शिकलीस, असे विचारण्याचे धाडस मात्र कोणी केले नाही.

बाविसावा जोड मी दुसऱ्या आठवड्यात कुरिअरने पाठविला, मोटाकाकांच्या मुलाच्या नावे. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आमची भेट आयुष्यात दोनदा झालेली, दोन्ही वेळा कोणाच्या तरी निधनानंतर. पाच दिवसांनी रात्री त्याचा दूरध्वनी आला. ख्यालीखुशाली झाली, बाच्या प्रकृतीची चौकशी झाली. मग त्याने विचारले, "पाठीवर हे लिहिलंय ते कोणाचं?"

मी म्हणालो, "वहीतलं आहे. संवत २०१६ची."

तो बराच वेळ बोलला नाही. नंतर म्हणाला, "बापूजींचं अक्षर आहे. आमच्याकडे त्यांचा एकही कागद नाही."

उरलेल्या तीन जोडांपैकी एक मी त्याच्यासाठी बाजूला ठेवला आहे, आणि ती खातेवहीही. दिवाळीला येतो म्हणाला आहे.